माळरान पावसाळ्यात बघा: जमिनीचे नकाशे करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
भूसंसाधन विभाग, ग्रामीण विकास मंत्रालय, नवी दिल्ली
राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, हैदराबाद
महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग ॲप्लिकेशन सेंटर, नागपूर

विषय: पडीक जमिनींच्या नकाशातून माळराने वेगळी काढण्याबाबत

स.न.वि.वि.

उपग्रहाची चित्रे वाचून जमिनीचा वापर ओळखणे हे माझे रोजचे काम आहे. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि सातारा जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यातली चित्रे मी बघते आणि मग गावोगाव फिरून ती पडताळते. आपल्या संस्थांनी घालून दिलेल्या पायावरच माझ्यासारख्यांचे काम उभे आहे, हे आधीच सांगते. वर्गीकरण करताना किती अडचणी येतात याची मला पुरती कल्पना आहे. तरीही एक गोष्ट आता चारचौघांत मांडायला हवी. वेस्टलँड ॲटलासमध्ये, म्हणजे देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात, आपण माळराने घालत आला आहात. ते थांबवा. माळरानाला त्याचा स्वतःचा वर्ग द्या, आणि तो ठरवण्यासाठी माळ पावसाळ्यात बघा.

हा ॲटलास पहिल्यांदा २००० साली निघाला. ताजी आवृत्ती २०१९ ची. तिच्यानुसार २०१५-१६ मध्ये देशात सुमारे ५ कोटी ५८ लाख हेक्टर जमीन पडीक होती, म्हणजे एकूण क्षेत्राच्या १६.९६ टक्के. या पडीक जमिनीचे २३ वर्ग पाडले आहेत. खाऱ्या जमिनी, घळी पडलेल्या जमिनी, खाणींनी उकरलेल्या जमिनी त्यात आहेत, आणि त्या असायलाही हव्यात. पण दाट झुडपांची जमीन, विरळ झुडपांची जमीन, खराब झालेली कुरणे आणि उघडे कातळ हेही त्यातच आहेत. इतकेच काय, हिमालयातले बर्फाच्छादित प्रदेश आणि हिमनद्याही याच यादीत बसवल्या आहेत. ज्या हिमनद्यांवर गंगा-यमुना पोसल्या जातात त्यांना पडीक ठरवणारी यादी मुळातून तपासायला हवी, हे कुणीही मान्य करील.

एम. डी. मधुसूदन आणि अबी तामीम वनक या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये देशाच्या निमशुष्क भागातल्या खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा, म्हणजे गवताळ माळ, झुडपी राने, कातळ, घळी यांचा नकाशा उपग्रहाच्या चित्रांवरूनच तयार केला. या परिसंस्था देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर आहेत असे त्यांना आढळले. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग आपल्या ॲटलासमध्ये पडीक म्हणून रंगवला गेला आहे, आणि संरक्षित क्षेत्रांत आलेला भाग ५ टक्क्यांपेक्षा कमी आहे. तेच तंत्र, तशीच चित्रे, आणि निष्कर्ष मात्र अगदी वेगळा. याचा अर्थ दोष कॅमेऱ्याचा नाही. आपण चित्राला कोणता प्रश्न विचारतो आणि ते कोणत्या महिन्यात काढतो, यावर सगळे ठरते.

इंदापूर-बारामतीकडचा एखादा माळ घेऊ. मार्चच्या चित्रात, ज्यात हिरवी पाने लाल दिसतात त्या रंगसंगतीत, भीमेच्या काठचा ऊस लालभडक दिसतो. उजनीचा फुगवटा काळा-निळा, मोकळी शेते हिरवट-करडी, आणि माळ त्याहून फिकट, धुरकट. ऊस बघून डोळा निवतो आणि माळ बघून काहीच वाटत नाही. यामागचे कारण सोपे आहे. जिवंत पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते आणि पानाच्या आतली रचना अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या फरकावरून एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक काढतात, आणि तो जितका जास्त तितकी हिरवाई जास्त. वाळलेल्या गवतात हरितद्रव्य उरलेले नसते, म्हणून हा निर्देशांक खाली येतो आणि गवताने गच्च भरलेला माळ उघड्या मुरमाच्या शेजारी जाऊन बसतो.

आता त्याच जागी उभे राहून बघा. रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याचा एक पिक्सेल २३.५ मीटर बाजूचा असतो, म्हणजे जमिनीवरचे जवळपास साडेपाच गुंठे. एवढ्या जागेत मारवेल गवताचे थोंब असतात, चढाच्या बाजूला कुसळीचा पट्टा, मध्ये एखादा हिवर, दोन-तीन बोरी, आणि खाली इंच-दोन इंच माती, तिच्याखाली मुरूम. गवताच्या बुडाशी हात घातला तर कडक उन्हातही माती भुसभुशीत लागते, कारण मुळांनी ती धरून ठेवलेली असते. डोंबारी चंडोलाचे घरटे याच थोंबाच्या आडोशाला जमिनीवर असते. धाविक पक्षी तर उघड्या खड्यांतच अंडी घालतो, आणि ती अंडी खड्यांसारखीच दिसतात. लांडगा अशा ठिकाणी ओढ्याच्या काठाला बीळ करतो. हे सगळे साडेपाच गुंठ्यांचा एकच सरासरी रंग होऊन चित्रात उतरते, आणि त्या रंगाला यादीत नाव मिळते ‘विरळ झुडपांची जमीन’.

माळाचे वर्ष शेताच्या वर्षासारखे नसते. मृगाचे पाणी पडले की आठ-पंधरा दिवसांत माळ फुटतो. आश्लेषा-मघांत गवत गुडघ्याला लागते. हस्ताच्या सुमारास कुसळे धरतात आणि दिवाळीला माळ सोनेरी होतो. म्हणजे माळ खऱ्या अर्थाने हिरवा असतो तो जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. नेमके याच काळात आकाश ढगांनी भरलेले असते. एका उपग्रहावरचा लिस-३ कॅमेरा त्याच जागेवर २४ दिवसांनी परत येतो, म्हणजे सगळ्या पावसाळ्यात पाचेक फेऱ्या, आणि त्यातल्या बहुतेक ढगांत जातात. आपण खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांची चित्रे वापरता हे मला माहीत आहे. पण खरिपाचे म्हणून जे स्वच्छ चित्र हाती येते, तोवर बहुधा ऑक्टोबर उलटत आलेला असतो आणि माळ उतरणीला लागलेला असतो.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी नकाशांच्या चर्चेत मी क्वचितच ऐकली. आम्ही पडताळणीला जातो तेव्हा माळ ओळखणारी माणसेही माळावर नसतात. या पट्ट्यातले मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात. भात कापलेल्या खाचरांत मेंढरे बसवतात, त्या खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाच्या तोंडावर परत माळावर येतात. दख्खनी मेंढीला कोकणातला धो धो पाऊस सोसत नाही, तिला पावसाळ्यात कोरडा, मोकळा माळच लागतो. आता जमिनीवरच्या पडताळणीचे वेळापत्रक बघा. आमच्यासारख्यांची पथके फिरायला निघतात ती पाऊस संपल्यावर, रस्ते वाळल्यावर, नोव्हेंबर ते एप्रिल या काळात. तेव्हा गवत वाळलेले, मेंढपाळांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, कोकणात, आणि गावात ‘या जमिनीचा काय उपयोग होतो?’ असे विचारले की उत्तर देणारा बागायतदार. तो म्हणतो, काही नाही, पडून आहे. त्याच्यापुरते ते खरेच असते. पण जूनमध्ये त्याच गटात शे-दोनशे मेंढरे चरत असतात आणि ती कुठल्या बाजूला आधी चारायची, कुठला भाग श्रावणापर्यंत राखायचा, याचा हिशेब त्या मेंढक्याच्या डोक्यात पक्का असतो. ही माहिती आपल्या नकाशाच्या एकाही थरात नोंदली जात नाही.

हा नकाशा कागदावरच राहिला असता तर मी हे पत्र लिहिले नसते. पण पडीक असा शिक्का बसलेली जमीन वृक्षलागवडीसाठी, प्रकल्पांसाठी, पर्यायी वनीकरणासाठी आधी डोळ्यांत भरते. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशी लागवडीची उद्दिष्टे ठेवली गेली. एवढ्या रोपांना जागा लागते, आणि मोकळी जागा म्हटले की माळच पुढे येतो. झाडे लावल्याबद्दल क्रेडिट देणाऱ्या केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेची फेब्रुवारी २०२४ ची पहिली नियमावली बघा. वन विभागाच्या ताब्यातल्या झुडपी आणि पडीक जमिनींवर हेक्टरी किमान १,१०० झाडे, अशी तिची अट होती. हेक्टरी १,१०० म्हणजे गुंठ्याला अकरा. ज्या माळावर निसर्गाने दहा-वीस गुंठ्यांत एखादा हिवर ठेवला, तिथे गुंठ्याला अकरा झाडे. पुढे योजनेची पद्धत बदलली, पण झुडपी आणि पडीक जमीन म्हणजे झाडे लावायची जागा ही समजूत बदललेली नाही.

लागवड करताना काय होते तेही चित्रातच दिसते. आधी जेसीबी येतो आणि उतारावर सलग समतल चर खणतो. अधिक तपशिलाच्या चित्रात माळावर कंगव्याने ओढल्यासारख्या समांतर रेघा उमटतात. चरातून निघालेला मुरूम गवतावर पडतो आणि मुळे धरून ठेवलेली माती मोकळी होते. मग गिरिपुष्प लावतात, कारण ते शेळ्या-मेंढ्या सहसा खात नाहीत, जगते लवकर आणि वाढते भराभर. चार-पाच वर्षांत एनडीव्हीआय वर चढतो. अहवालात हिरव्या ठिपक्यांचा नकाशा लागतो आणि लागवड यशस्वी ठरते. माझ्यासमोरही अशी चित्रे पडताळणीसाठी येतात. आकडा बरोबर असतो. फक्त त्या आकड्यात गवत गेले, चंडोल गेला, मेंढरांची वाट बंद झाली, हे मोजायला जागाच नसते. हिरवाई वाढणे म्हणजे निसर्ग सुधारणे, हे समीकरण जंगलात कदाचित चालेल. माळावर ते चालत नाही.

कच्छमधले बन्नी कुरण याचे सगळ्यात मोठे उदाहरण आहे. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या त्या गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकात खारटपणा रोखण्यासाठी वेडी बाभूळ लावली गेली. ती पसरत गेली आणि गवत मागे हटत गेले. बन्नी म्हैस आणि तिच्यावर जगणारे मालधारी दोघेही अडचणीत आले. वरून बघणाऱ्याला तिथे हिरवाई वाढलेलीच दिसते, आणि खाली उभ्या असलेल्या मालधाऱ्याला चारा संपलेला दिसतो. आपल्याकडे नान्नजला १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झाले. आज सोलापूरच्या माळावर माळढोक दिसणे जवळपास संपले आहे. त्याची कारणे अनेक आहेत, शिकार, शेतीचा विस्तार, वीजतारा, आणि एकाच कारणावर बोट ठेवणे बरोबर होणार नाही. पण ज्या पक्ष्याला मैलभर मोकळे दिसणारे गवत लागते, त्याचे घर सरकारी कागदांत पडीक म्हणून राहिले, हे त्याच्या बाजूने गेले असेल असे मला वाटत नाही.

एकदा नोंदलेला वर्ग किती चिवट असतो ते पूर्व विदर्भाला विचारा. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेल्या जमिनींचे करायचे काय, हा प्रश्न राज्य पुनर्रचनेनंतर कित्येक दशके लटकत राहिला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला आणि त्या जमिनी वन म्हणून धरल्या. तोवर तिथे घरे, शाळा, सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. आज तुमच्या संगणकावर एका क्लिकने जो वर्ग ठरतो, त्याचे परिणाम दोन-तीन पिढ्या भोगतात. म्हणून तो ठरवताना घाई नको.

कोकणातल्या सड्यांबद्दलही दोन वाक्ये. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे एप्रिलच्या चित्रात उघडा कातळ दिसतात आणि तसेच नोंदले जातात. त्याच जातीच्या कातळावर भाद्रपदात फुलणारे कासचे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून आहे, आणि याच सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्यांचा प्रश्न स्वतंत्र पत्राचा आहे, पण औषध तेच लागेल.

आता तंत्राबद्दल. १९८८ मध्ये आयआरएस-१ए गेला तेव्हा त्याच्या लिस-१ कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ७२.५ मीटरचा होता, म्हणजे सव्वा एकराहून थोडा जास्त. तेव्हा माळ आणि मुरूम वेगळे ओळखता आले नाहीत तर कुणाला दोष देता येत नव्हता. आज परिस्थिती वेगळी आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ चा पिक्सेल १० मीटरचा, जवळपास नेमका एक गुंठा. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवर येतात आणि चित्रे फुकट मिळतात. आपला पट्टा पर्जन्यछायेतला. इंदापूरकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ढग असले तरी श्रावणात ऊनपावसाचा खेळ चालतो आणि पाच दिवसांच्या फेऱ्यांतून दोन-चार चांगली चित्रे मिळून जातात. ती जोडली की हिरवाईचा वर्षभराचा आलेख तयार होतो, आणि मग फरक लपत नाही. बाजरीचे शेत झपकन चढते आणि कापणीला कड्यावरून पडल्यासारखे खाली येते. ऊस वर्षभर वरच राहतो. गिरिपुष्पाची लागवड पानगळीपुरती खाली येते आणि मेच्या उन्हात, पाऊस यायच्या आधीच, पुन्हा वर येऊ लागते. मुरमाची खाण सपाट रेघ देते. आणि माळ? पहिल्या पावसाबरोबर चढतो, हस्तापर्यंत टिकतो आणि हळूहळू, सावकाश उतरतो. एका तारखेच्या चित्रात जे सारखे दिसते ते बारा महिन्यांच्या आलेखात वेगळे पडते.

ढगांवरही उपाय आहे. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि रात्रीही चालतात. आपला ईओएस-०४ उपग्रह २०२२ पासून हे काम करतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार गेला, जो इस्रो आणि नासा यांनी मिळून बनवला आहे. तो दर बारा दिवसांनी तीच जमीन बघतो. त्याची २४ सेंटिमीटरची लांब लहर गवतातून बरीचशी निघून जाते आणि खोड-फांद्यांवर आपटून परतते. आखूड लहरींना गवत जास्त जाणवते. दोन्ही एकत्र ठेवल्या तर कुठे गवत आहे आणि कुठे झाडी शिरली आहे, हे ऐन आषाढातही सांगता येईल. माळाच्या नकाशासाठी याहून योग्य साधन मला सुचत नाही, आणि त्यात आपल्या देशाच्या इंजिनिअरांचे कष्ट आहेत याचा मला मनापासून अभिमान वाटतो. म्हणूनच आग्रह धरते की त्याचा पहिल्या काही वर्षांतला एक उपयोग दख्खनच्या माळांसाठी व्हावा.

पण नुसत्या चांगल्या उपग्रहाने भागणार नाही. वाळलेले गवत आणि माती अल्प-तरंग अवरक्त पट्ट्यात थोडी वेगळी दिसतात, तरी गवत चांगले आहे की नुसती कुसळ माजली आहे, हे वरून खात्रीने सांगता येत नाही. मारवेल आणि पवना असलेला माळ आणि जास्त चराईने कुसळीच उरलेला माळ, आलेखात भावंडांसारखे दिसतात. तिथे माणूसच लागतो. नाहीतर आपले काम उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे होते.

माणसांकडून माहिती घ्यायची पद्धत महाराष्ट्राने आधीच करून दाखवली आहे. ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून ई-पीक पाहणी नोंदवतात: गट नंबर, पीक, फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश. सुरुवातीला त्यात कटकटी झाल्या, रेंज नसते, ॲप अडकते, अजूनही होतात. तरी लाखो लोकांनी ते शिकून घेतले. तशीच माळ पाहणी का होऊ नये? मेंढपाळाने, गुराख्याने, गावच्या जैवविविधता समितीने जुलै ते सप्टेंबर या काळात जागेवरून फोटो आणि चार प्रश्नांची उत्तरे पाठवायची. कोणते गवत आहे, कोण चारते, कोणत्या महिन्यांत, आणि पूर्वीपेक्षा कमी झाले की जास्त. मेंढक्याच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे ही नोंद खातेदारापुरती ठेवून चालणार नाही. जो जमीन वापरतो त्यालाही नोंदवता आली पाहिजे. वनहक्क कायद्याने फिरत्या पशुपालकांचे चराईचे हक्क मानले आहेत आणि दाव्यांसाठी उपग्रहाची चित्रे पुरावा म्हणून चालतात. त्यामुळे ही माहिती वर्गीकरणालाही उपयोगी पडेल आणि लोकांनाही.

नकाशा अंतिम होण्याआधी तो ग्रामसभेसमोर यायला हवा. आज तो इस्रोच्या भुवन पोर्टलवर बघायला मिळतो आणि ॲटलासमध्ये जिल्हावार आकडे छापले जातात. पण आमच्या गावच्या अमुक गटातले गायरान चुकीचे रंगले आहे, असे म्हणायला सामान्य माणसाला दार नाही. गट नंबरांच्या हद्दी चित्रावर बसवा, गावाचा नकाशा ग्रामपंचायतीत लावा, हरकतींसाठी दोन महिने द्या. महसूल खाते फेरफारासाठी नोटीस काढते. मग अख्ख्या माळाचा वर्ग ठरवताना ती का नको? २०२३ च्या अंतराळ धोरणानुसार सरकारी उपग्रहांची ५ मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रे खुली आणि मोफत द्यायची आहेत. चित्रांबरोबर त्यावरून काढलेले वर्गीकरणाचे थरही तसेच खुले करा, म्हणजे गावातला कॉलेजचा एखादा मुलगाही ते तपासू शकेल.

माझा सौरऊर्जेला विरोध नाही आणि झाडांना तर नाहीच. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून गायरानांवर सौर प्रकल्प येत आहेत. रात्री साप-विंचवांत पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला त्याची किंमत विचारा. पण मुरूम उकरून पोकळ झालेली जमीनही गायरानातच आहे आणि मारवेलाने भरलेली जमीनही गायरानातच. सौर पट्ट्या पहिलीवर लावा, दुसरी ठेवा. हा फरक करायचा तर आधी नकाशाला तो करता आला पाहिजे. काही माळ खरोखर खराब झाले आहेत, हेही मी बघते. त्यांना ‘खराब झालेले माळरान’ असा वेगळा वर्ग द्या आणि सुधारणा म्हणजे तिथे गवत परत आणणे, असे धोरणात लिहा. लागवडीचे यश मोजताना माळावर एनडीव्हीआय वाढला की गुण देणे बंद करा. उलट उन्हाळ्यात माळ हिरवा दिसू लागला तर ती धोक्याची खूण समजून कुणीतरी जाऊन बघावे.

चांगल्या गोष्टीही घडत आहेत. पुणे वन विभागाने इंदापूर-बारामतीकडच्या माळांवर ग्रासलँड सफारी सुरू केली, लोक लांडगा आणि चिंकारा बघायला येतात, गावातल्या पोरांना गाइड म्हणून काम मिळते. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटर आहे, तरी चिंकारा तिथे टिकून आहे, आणि तो टिकला तो आजूबाजूच्या गायरानांच्या आणि पोटखराब्याच्या, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या, जमिनींच्या आधाराने. अभयारण्याची हद्द नकाशात ठळक आहे. हा आधार मात्र पडीक या रंगात बुडून गेलेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्ताने परिषदा होतील, पोस्टर लागतील. आपल्या संस्थांकडून मात्र ठोस काम अपेक्षित आहे.

सुरुवात एकदम राज्यभर करायची गरज नाही. इंदापूर, बारामती, दौंड आणि पलीकडचे फलटण, माण हे तालुके घ्या. जुनी चित्रे, सेंटिनेलचे आलेख आणि रडारची चित्रे एकत्र बसवून कच्चा नकाशा पाऊस सुरू व्हायच्या आत, मे अखेरीस तयार करा. वाडे कोकणातून परत आले की जुलैपासून माळ पाहणी सुरू करता येईल, आणि त्यासाठी गवत ओळखणारी माणसे गावोगाव आहेत, त्यांना रोजचे मानधन मात्र द्यावे लागेल. सप्टेंबरअखेर दुरुस्त्या, ऑक्टोबरमध्ये ग्रामसभा. दिवाळीनंतर वाडे पुन्हा घाट उतरतात, तेव्हा मेंढपाळांच्या हरकती त्याआधी नोंदवून घ्याव्या लागतील. पडताळणीसाठी मी आणि माझ्याबरोबर काम करणारी मंडळी आमच्याकडचे जागेवरचे फोटो आणि गवतांच्या नोंदी विनामूल्य द्यायला तयार आहोत. कोणत्या कार्यालयात, कोणत्या स्वरूपात आणून द्यायच्या तेवढे कळवावे.

कळावे,
आपली नम्र,
उपग्रह चित्रांची एक वाचक, पुणे जिल्हा